यादीतली मल्लम्मा

श्रद्धांजलीची दोन मिनिटं मी आजवर शेकड्यांनी मोजली आहेत. त्यांतली पुरी भरलेली एकदाही आढळली नाहीत. साधारण पस्तिसाव्या सेकंदाला पहिल्या रांगेतला माणूस एक डोळा किलकिला करून व्यासपीठाकडं बघतो, चाळिसाव्याला कोणीतरी खाकरतं, आणि पन्नाशी गाठायच्या आत प्रमुख पाहुणे स्वतःच 'ओम शांती' म्हणून मोकळे होतात. मी घड्याळ लावून बघतो, कारण तेवढ्या वेळात मला दुसरं काम नसतं. माईक बंद ठेवायचा आणि मशीनचा घूं येऊ द्यायचा नाही, एवढंच.

सीमेच्या कानडी बाजूला, औरादला, बसस्टँडच्या मागं आमचं लाउडस्पीकरचं दुकान आहे. आता ते मुलगी चालवते. मी खुर्चीत बसून सूचना देतो, त्या ती ऐकत नाही. वडिलांनी पहिला भोंगा घेतला तो एप्रिलमधल्या जयंतीच्या मिरवणुकीसाठी. आमच्या वस्तीला भाड्यानं द्यायला कोणी तयार नव्हतं, म्हणून विकतच आणला, हैदराबादेहून, बसच्या टपावर बांधून. दोन वर्षांनी तेच न देणारे आमच्या दारात उभे होते. घरात लग्न होतं आणि तालुक्यात दुसरा चालू भोंगा नव्हता. वडिलांनी दिला. शिवाय वरातीत स्वतः माईक धरून पुढं चालले आणि नवरदेवाच्या सात पिढ्यांची नावं खणखणीत घेतली.

बाहेरच्यांना वाटतं, यात काय, बटण दाबलं की झालं. तसं नसतं. भोंगा वाऱ्याकडं बघून लावावा लागतो. भोंग्याचं तोंड माईककडं झालं की शिट्टी बसते, म्हणजे बाहेर पडलेला आवाज माईकमध्ये परत शिरतो, मोठा होऊन पुन्हा बाहेर येतो, पुन्हा शिरतो. वक्त्यांच्या बाबतीतही मी हेच होताना पाहिलं आहे, फक्त त्यांना तोंड फिरवायला सांगता येत नाही. शिवाय आमच्या भागात प्रत्येक गोष्ट तीनदा सांगावी लागते. कन्नडमध्ये सांगितली की ती सरकारी होते, मराठीत सांगितली की लोकांना कळते, आणि उर्दूत सांगितली की वजनदार वाटते. हरवलेल्या म्हशीची दवंडीसुद्धा आमच्याकडं उर्दूत ऐकली की म्हैस खानदानी वाटते.

गिऱ्हाइकांचं काय सांगावं! एका पुढाऱ्याला शोकसभेत आपल्या आवाजाला 'एको' हवा होता. दिला. 'ते आपल्यातून गेले' हे वाक्य पाच वेळा घुमलं, तेव्हा मागच्या बायकांना हसू आवरेना.

वडिलांनी एक नियम घालून दिला होता. माईकवाल्यानं कागदावर असेल ते वाचायचं, आपली अक्कल कागदात घालायची नाही. एका उद्घाटनाला आभाराच्या कागदाऐवजी माझ्या हातात आचाऱ्याची चिठ्ठी आली. पंधरा किलो तूरडाळ, दोन किलो लाल मिरची, एक डबा गोडेतेल. मी ती वाचली, शेवटी धन्यवाद म्हणालो, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आभार कोणी ऐकत नाही हे मला त्या दिवशी कळलं.

हाच नियम मी आयुष्यभर पाळला, आणि त्यापायी एका जिवंत बाईचं नाव तीस वर्षं मेलेल्यांच्या यादीत माझ्या भोंग्यातून जात राहिलं. यंदा ती यादी दगडावर कोरायची ठरली. कागदाचं एक बरं असतं, वाचून झाला की घडी घालून खिशात जातो. दगड चौकात उभा राहणार. तेव्हा ते नाव काढायला हवं होतं आणि काढणं माझ्याकडंच होतं, कारण यादीत ते माझ्यामुळं आलं होतं.

किल्लारीच्या भूकंपाची ही गोष्ट. अनंत चतुर्दशी नुकतीच झाली होती. मिरवणुका उरकून मी मशीन, बॅटऱ्या आणि दोन भोंगे जीपमध्येच ठेवले होते. पहाटे औरादला भांडी वाजली, खाट सरकली, कुत्री ओरडली. सकाळी रेडिओवर कळलं तेव्हा आम्ही चहा पीत होतो.

चिंताकीच्या अलीकडं एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथली समिती अजून आमची गिऱ्हाईक आहे. त्या गावच्या पंधरा लेकी पलीकडं महाराष्ट्रात, भूकंपाच्या पट्ट्यातल्या एकाच गावात दिलेल्या होत्या. असं आमच्याकडं होतं. एक पोरगी दिली की ती धाकटीसाठी स्थळ सुचवते, धाकटी चुलतबहिणीसाठी, आणि दहा-पंधरा वर्षांत अर्धी गल्ली तिकडं जाते. त्या सकाळी चौघंजण दुकानात आले. 'अण्णा, भोंगा घेऊन चल. तिथं हाका माराय लागतील,' म्हणाले. शाळेच्या गुरुजींनी वहीच्या पानावर पंधरा नावं लिहून दिली होती. नाव, बापाचं नाव, वय.

तिथं काय पाहिलं ते लिहीत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना गरज नाही, आणि बाकीच्यांना दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला ते बरं नाही.

एक मात्र सांगतो. लष्कराचा एक सुभेदार माझा भोंगा बघून धावतच आला. म्हणाला, 'सबको बोलो, चुप. गाड़ी बंद, मशीन बंद, रोना भी बंद. पाँच मिनट.' मी तेच मराठीत आणि कन्नडमध्ये सांगितलं. आणि खरोखर सगळं थांबलं. ट्रॅक्टर थांबले, माणसं जिथं होती तिथं उभी राहिली. जवान दगडमातीवर पालथे पडले, कान लावून. दुपारपर्यंत आम्ही हे चार वेळा केलं, आणि दोनदा खालून आवाज आला. शांतता पाळायची म्हणजे काय करायचं असतं हे मी त्या दिवशी शिकलो. ऐकायचं असतं. पुढं सभांमधून मी घड्याळ लावायला लागलो तो तेव्हापासून.

बाकीचा दिवस नावं पुकारण्यात गेला. माझ्याशेजारी त्या चौघांतला वीरभद्रप्पा उभा होता. साठीचा शेतकरी, डोक्याला पांढरा रुमाल, कपाळावर विभूतीचे पट्टे घामानं पुसलेले. त्याची लेक मल्लम्मा, वय बावीस.

'माझ्या लेकीचं जरा मोठ्यानं घे, अण्णा. तिला एका हाकंत कवाच ऐकू येत न्हाई. लहानपणापास्नं तसंच हाय.'

मी मोठ्यानं घेतलं. 'मल्लम्मा, वीरभद्रप्पा यांची मुलगी, जिथं असाल तिथून शाळेच्या पटांगणावर या. तुमचे वडील आले आहेत.'

'अजून एकदा.'

'अप्पा, आत्ताच घेतलं की.'

'घे रे. कान साफ करायली असंल.'

त्याचा जावई कुठं दिसत नव्हता, ती गल्लीच नव्हती, आणि आसपास होते ते सगळे लांबून आलेले मदतकर्ते. कोण कुणाचं हे सांगणारं माणूस सापडत नव्हतं. पंधरांपैकी सहाजणी हाकेला आल्या. एक तर कडेवर पोर आणि हातात कोंबडी घेऊन आली आणि बापाला म्हणाली, 'येवढा कामून वरडायलास?' बाकीच्या नऊ नावांपुढं मी खूण करू शकलो नाही.

संध्याकाळकडं दवाखान्यांच्या याद्या आल्या. एका स्वयंसेवकानं कागद दिला, मी वाचत गेलो. त्यात एक ओळ होती. 'सुनीता. वय अंदाजे बावीस. डाव्या पायाला मार. सोलापूरला हलवली.' पुढं नवऱ्याचं नाव नाही, गावाचं नाही. मी दोनदा वाचली. शेजारच्या चौघांना विचारलं, 'आपल्यापैकी?'

वीरभद्रप्पा म्हणाला, 'न्हाई. सुनीता आमच्यात कोण न्हाई. तू मल्लम्मा म्हण.'

मी मल्लम्मा म्हटलं.

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत आहे त्यांच्या लक्षात आलंच असेल. लग्नात सून घरात येते तेव्हा ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं तिचं नवं नाव लिहितो. सीमेवर यात आणखी एक गंमत असते, माहेरचं नाव कानडी आणि सासरचं मराठी. मल्लम्माच्या सासूला मल्लम्मा हे फार कानडी वाटलं, म्हणून ताटात सुनीता उमटली. वीरभद्रप्पा तेव्हा मांडवामागं आचाऱ्याशी भांडत होता. भात कच्चा राहिला होता. नाव बदललं हे त्याला कुणी सांगितलंही असेल, पण बापाच्या दृष्टीनं ते सासरच्यांचं घरगुती प्रकरण होतं. सासरी गाईचंही नाव बदलतात, म्हणून आपण ते पाठ करायचं असतं का?

तर लेकीचं नाव माझ्या भोंग्यातून दोनदा गेलं, बाप दोन हातांच्या अंतरावर उभा होता, आणि त्यानं ते परत पाठवलं. मला विचारायला हवं होतं, 'अप्पा, सासरची नावं सांगा.' तालुक्यातल्या अर्ध्या लग्नांत तांदळाच्या ताटाशेजारी मी माईक धरला आहे, नवं नाव मीच पुकारतो. माझ्या डोक्यात आलं नाही. कागदावर मल्लम्मा होतं, मी मल्लम्मा वाचलं.

परत आल्यावर ते पान मी गुरुजींना दिलं. खूण नसलेली नऊ नावं त्यांनी सुवाच्य अक्षरात दुसऱ्या कागदावर उतरवली. वीरभद्रप्पाच्या घरी चूल बंद झाली.

पाचव्या दिवशी जावई आला. तो त्या रात्री शेतात राखणीला होता, म्हणून वाचला होता. दारात पाय धुवायच्या आधीच म्हणाला, 'मामा, सुनीता सोलापूरला हाय. पाय मोडलाय, पर बरी हाय.'

म्हातारा म्हणाला म्हणे, 'कोण सुनीता?'

ही गोष्ट औरादच्या चहाच्या टपऱ्यांवर वर्षभर पुरली. मीही हसून सांगायचो. एका बापाला पाच दिवस लेक नसलेला करून ठेवलं त्यात आपला वाटा किती, हे सांगताना गाळायचो. त्याच वेळी कुणीतरी 'तिचं लेकरू गेलं' असंही म्हणालं होतं. त्या दिवसांत इतकी माणसं गेली होती की या वाक्यावर कोणी थांबत नसे. मीही थांबलो नाही.

पहिलं वर्षश्राद्ध आलं. गावानं शाळेच्या पटांगणात कार्यक्रम ठेवला. तिकडच्या गावी यादी सासरच्या नावांची, तेव्हा आमच्या लेकींची माहेरच्या नावानं वेगळी आठवण हवी, ही गुरुजींची कल्पना. कल्पना चांगली होती. तालुक्याचे साहेब पाहुणे म्हणून आले. गुरुजींनी नऊ नावं वाचली, मी माईक बंद केला, शांतता सुरू झाली, आणि दहाव्या सेकंदाला वीरभद्रप्पा उभा राहिला.

'अहो, माझी लेक जिती हाय!'

'अप्पा, खाली बसा. शांतता चालू हाय,' गुरुजी कुजबुजले.

'कसली शांतता? कालच खत आलंय तिचं! शेंगा पाठव म्हणून लिवलीय!'

साहेबांना कन्नडशिवाय काही येत नव्हतं. त्यांना वाटलं बाप शोकानं हंबरडा फोडतोय. त्यांनी स्टेजवरून उतरून त्याला मिठी मारली. पेपरात तो फोटो आला.

कार्यक्रमानंतर मी गुरुजींना म्हणालो, नाव काढा. ते म्हणाले, 'पुढल्या वर्षी बघू. यंदाच्या यादीवर साहेबांची सही झालीय.' पुढल्या वर्षी नवे साहेब आले. त्यांनी जुन्या साहेबांची सही बघून खाली स्वतःची केली. तिसऱ्या वर्षापर्यंत यादी 'पास झालेली' होती, आणि पास झालेल्या गोष्टीला आमच्याकडं माणूस हात लावत नाही. गुरुजी गेल्यावर वाचायचं काम माझ्याकडं आलं, कागदासकट. वीरभद्रप्पाही गेला. त्याला तरी मी एक नाव गाळून वाचेन असं कबूल करायला हवं होतं.

यात सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच होती. ती बाई स्वतः दर वर्षी येत असे.

तिच्या सासरच्या गावी त्याच दिवशी मोठा कार्यक्रम असतो, मंत्री असतात, पोलीस बंदुका झुकवून मानवंदना देतात. ते सोडून ही पहाटेची एसटी धरून उदगीरला, तिथून आमच्याकडं, डावा पाय जरा ओढत यायची, आणि बायकांच्या मागच्या ओळीत बसायची. सुरुवातीला वाटलं, बापाला भेटायला येते. बाप गेल्यावर वाटलं, भावाकडं. मी नऊ नावं वाचायचो, पाचवं मल्लम्मा. तेवढं वाचताना मागं बघायचो नाही. जिवंत माणसाला त्याच्या देखत दर वर्षी मारायचं आणि वर 'हॅलो, आवाज मागं येतोय का?' विचारायचं, हे माझ्यासारख्या निर्ढावलेल्यालाही जड जायचं. तिनं कधी तक्रार केली नाही. म्हणून मी जास्तच चोरट्यासारखा वायरी गुंडाळून निघायचो.

तर यंदाचा दगड. समितीचे अध्यक्ष आता गुंडप्पा आहेत. त्यांचं खताचं दुकान आहे आणि अध्यक्षपणाची हौस मोठी. मी म्हणालो, शहाबादी फरशी लावा, आपल्याच भागातली, वर्षानुवर्षं टिकते. त्यांना ते अजिबात पटलं नाही.

'शहाबादी? न्हाणीत लावत्यात ती! काळं ग्रॅनाईट पायजे, आपलं तोंड दिसंल असं.'

'श्रद्धांजलीच्या दगडात तोंड कुणाचं दिसायला पायजे, अध्यक्ष?'

'पावण्यांचं,' गुंडप्पा गंभीरपणे म्हणाले.

मी संधी साधली आणि मल्लम्माची गोष्ट सांगितली. ते घाबरले. जिवंत बाईचं नाव दगडावर आलं आणि कुणी फोटो टाकला तर? त्यांनी स्वतः पेन काढून पाचव्या नावावर रेघ मारली. तीस वर्षांनी का होईना, चूक दुरुस्त झाली. यंदा मी हलक्या मनानं माईक हातात घेतला, आठ नावं वाचली, आणि शांतता सव्वीस सेकंदांत संपली, कारण पाहुण्यांना हुमनाबादला दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं.

लोक पांगले. मी वायरी गुंडाळत होतो. मागून आवाज आला.

'अण्णा, आज आठच वाचलाव.'

मल्लम्मा उभी होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

'व्हय अक्का,' मी म्हणालो. 'तुमचं नाव काढलं. लई वर्सं चूक झाली आमच्याकडनं, माफ करा. दगडावर आता यायचं न्हाई.'

ती हसेल, निदान हुश्श करेल असं मला वाटलं होतं. तिचा चेहरा उतरला.

'कामून काढलाव?'

'कामून म्हणजे? अहो, तुम्ही जित्या हाव की!'

'मी सुनीता हाय, अण्णा. रेशनकार्डाला सुनीता, पोरास्नी सुनीता, नवऱ्यास्नी सुनीता. तुम्ही वाचत व्हताव ते माझं न्हवं.'

एका स्पीकरच्या बॉक्सवर ती टेकली. पाय दुखत असावा. मी दुसऱ्या बॉक्सवर बसलो. तिनं पदराला गाठ घातली आणि सोडली.

'पोरगी झालती मला. दुसरी खेप, म्हणून सासरीच. थोरल्याला अप्पाकडं ठिवलतं, म्हणून तो वाचला. त्या दिशी सकाळी पाळणा व्हायचा व्हता. नाव मी मनात ठरिवलतं, सासूला सांगितलं न्हवतं. पाळण्यात घालताना आत्याच्या कानात सांगायचं, मग कोण काय बोलंल? माझं मल्लम्मा नाव रिकामंच पडलतं की. सासरी कोण म्हणत न्हवतं. म्हणलं वाया कामून घालवायचं, लेकीला ठेवू.'

हातातली वायर मी खाली ठेवली.

'तिकडच्या यादीत ती न्हाई. नाव न्हाई तर काय लिवतील? मी दवाखान्यात, सांगायचं कुणी? पहिल्या वर्षी अप्पा येऊन सांगितला, गावानं तुला मारून टाकलंय बघ, लई शिव्या दिला. दुसऱ्या वर्षी मीच आले, नाव काढा म्हणून सांगाय. मागं बसले. आणि तुमच्या भोंग्यातनं आलं, मल्लम्मा.' ती थांबली. 'तिला कोणतरी नावानं हाक मारलं, अण्णा. सगळ्या गावात ऐकू गेलं. मग काय सांगायचं? गप उठून गेले. तवापास्नं येत्याय. वर्साला एकदा.'

मशीनचा प्लग मघाशीच काढला होता, तो मी उगाच पुन्हा लावून पुन्हा काढला.

'घालतो परत,' एवढं म्हणालो.

ती उठली. उदगीरची गाडी गाठायची होती. चार पावलं गेली आणि वळली. 'वय तेवढं बदला. बावीस लिवलंय ते माझं हाय.'

'मग किती लिवू?'

तिनं सांगितलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी गुंडप्पांच्या दुकानात गेलो. युरियाच्या पोत्यांवर बसून त्यांनी माझं ऐकून घेतलं.

'काल काढा म्हणलाव, आज घाला म्हणायलाव. डोकं ठिकाणावर हाय का, अण्णा?'

'नाव तिचं न्हाई, तिच्या लेकीचं हाय.'

'लेकीचा दाखला?'

'न्हाई.'

'नाव ठिवलं त्याला साक्षीदार?'

'न्हाई.'

'मग दगडावर कसं घ्यायचं? समितीला उत्तर द्यावं लागतंय. मनात ठरिवलतं म्हणून भागत न्हाई.'

त्यांचंही बरोबर होतं. मनात ठरवलेल्या गोष्टी दगडावर घ्यायच्या म्हटल्या तर ग्रॅनाईट पुरायचं नाही. मी खिशातून जुनी यादी काढली, खालच्या सह्यांसकट, आणि त्यांच्यापुढं ठेवली.

'अध्यक्ष, ही पास झालेली यादी हाय. किती साहेबांच्या सह्या हायत बघा. सहीच्या वरचं नाव तुम्ही आपल्या पेनानं काढलाव. कोण विचारलं, तुम्हाला हा अधिकार कोण दिला, तर?'

गुंडप्पांनी चष्मा लावला. सह्या एकेक करून बघितल्या. तीस वर्षं ज्या अडाणीपणाला मी मनात शिव्या घातल्या होत्या तो आज माझ्या बाजूनं उभा होता.

'व्हय की,' ते हळूच म्हणाले. 'पास झालेली हाय.' आणि आपल्याच रेघेकडं अशा नजरेनं बघितलं की जणू दुसऱ्या कुणी ती मारली असावी. 'जशीच्या तशी पाठवा.'

जशीच्या तशी मी पाठवली नाही. दुकानात येऊन कोऱ्या कागदावर नऊ नावं उतरवली, आणि पाचव्या नावापुढचा वयाचा आकडा बदलला. वडिलांनी घालून दिलेला नियम पहिल्यांदा मोडला. याबद्दल अध्यक्षांना काही सांगितलं नाही. त्यांना एका दिवशी एकच धक्का द्यावा.

आठवड्यानं हुमनाबादहून दगड कापणाऱ्या कारागिराचा फोन आला. औद्योगिक वसाहतीत त्याचं कॉम्प्युटरवर अक्षरं कोरायचं मशीन आहे. माणूस चौकस.

'अण्णा, बाकी समदं बरोबर बसलंय. पाच नंबरला जरा बघा. मल्लम्मा, वय अकरा. हिच्या पुढच्या-मागच्या समद्या वीस-पंचवीसच्या. लग्न झालेल्या लेकीची यादी म्हणलाव, आणि ही अकरा वर्साची कशी?'

'वर्षं न्हाई. दिवस. अकरा दिवस लिवा.'

पलीकडं मशीनची घरघर ऐकू येत राहिली. मग त्यानं ती बंद केली.

'दिवस?' तो म्हणाला. 'पर अण्णा, अकरा दिवसाच्या लेकराला नाव कुठलं? बारसं बाराव्याला असतंय.'

'झालं तिचं बारसं,' मी म्हणालो. 'जरा उशिरा झालं. तुम्ही कोरा.'